ब्रुनो नेरी : एका हाफबॅकची साक्ष

इतिहासग्रंथांत राजे, सेनापती आणि मुत्सद्दी यांना जशी हक्काची जागा असते, तशी ती खेळाडूंना नसते. खेळाडूची कीर्ती त्याच्या पायांत बळ असेतोवर टिकते. पुढे आकडेवारीच्या वह्यांत त्याच्या नावासमोर काही सामने आणि काही गोल एवढेच उरतात. ब्रुनो नेरी या इटालियन फुटबॉलपटूच्या बाबतीत तर त्या वह्याही फार बोलत नाहीत. तो आघाडीवर राहून गोल करणारा वीर नव्हता. मधल्या फळीत राबणारा हाफबॅक होता. इटलीच्या अव्वल साखळी स्पर्धेत दोनशेहून अधिक सामने खेळूनही त्याचे गोल एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. राष्ट्रीय संघाकडून तो अवघे तीन सामने खेळला. १९३४ आणि १९३८ साली इटलीने जागतिक करंडक जिंकला, परंतु त्या दोन्ही संघांत त्याचे नाव नाही. असे असूनही ऐंशीहून अधिक वर्षांनंतर इटलीत त्याचे स्मरण केले जाते, ते एका छायाचित्रामुळे आणि एका मृत्यूमुळे. छायाचित्र १९३१ सालचे. मृत्यू १९४४ सालचा. मधल्या तेरा वर्षांचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न जसा इतिहासाचा आहे तसाच तो पुराव्याचाही आहे. आणि वकिली हाच व्यवसाय असल्यामुळे मला त्याचे हे दुसरे अंग अधिक विचार करावयास लावते.

नेरीचा जन्म १२ ऑक्टोबर १९१० रोजी फाएन्झा येथे झाला. उत्तर इटलीतील रोमान्या प्रांतातले हे गाव चिनीमातीच्या रंगीत, झिलईदार भांड्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. युरोपात अशा भांड्यांना ‘फायान्स’ हे नाव पडले तेच मुळी या गावावरून. रोमान्याची माणसे राजकारणात तापट समजली जातात. प्रजासत्ताकवादी, समाजवादी, अराजकवादी अशा सर्व पंथांना या भूमीने आश्रय दिला. बेनितो मुसोलिनी जन्मला ते प्रेदाप्पिओ हे खेडेही याच प्रांतातले, फाएन्झापासून फार दूर नसलेले. १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला तेव्हा नेरी बारा वर्षांचा होता. म्हणजे त्याचे सारे तारुण्य आणि खेळाडू म्हणून घडलेली त्याची सारी कारकीर्द एकाच राजवटीच्या छायेखाली गेली. दुसरे सरकार कसे असते, हे त्याला जाणतेपणी पाहावयास मिळालेच नाही. त्याच्या वर्तनाचे मोल ठरविताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

गावच्या संघातून कोवळ्या वयात खेळू लागलेल्या या मुलाला १९२९ मध्ये फ्लोरेन्सच्या फिओरेन्तिना संघाने आपल्याकडे घेतले. हा संघही तसा तरुणच होता. त्याची स्थापना १९२६ ची. त्याच वर्षी इटलीतील फुटबॉलच्या कारभारात मोठी उलथापालथ झाली होती. व्हिआरेज्जो येथे तयार झालेल्या सनदेने खेळाडूंचे ‘हौशी’ आणि ‘अहौशी’ असे दोन वर्ग केले, परदेशी खेळाडूंना बंदी केली आणि फुटबॉल महासंघाची सूत्रे फॅसिस्ट पक्षाच्या माणसांच्या हाती दिली. ‘व्यावसायिक’ हा शब्द टाळून ‘अहौशी’ म्हणण्यात जी कसरत आहे ती कायद्याची भाषा वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येते. खेळाडूने पैसे घेतलेले चालत होते, तसे म्हटलेले मात्र चालत नव्हते. अशा रीतीने खेळ हा पोटाचा धंदा झाला आणि त्याच वेळी तो शासनाच्या वैभवप्रदर्शनाचे साधनही झाला. नेरीसारख्या तरुणाला पगार, प्रवास आणि नावलौकिक मिळाला तो याच व्यवस्थेतून.

हाफबॅकचे काम कसे असते, हे गोव्याच्या वाचकांना सांगावयास नको. इतरांसाठी थोडे सांगितले पाहिजे. त्या काळी इटलीत जी रचना रूढ होती तिच्यात मागे दोन बचावपटू, मध्ये तीन हाफबॅक आणि पुढे पाच आघाडीचे खेळाडू असत. पाचांपैकी दोघांना किंचित मागे खेचून वित्तोरिओ पोझ्झो या राष्ट्रीय प्रशिक्षकाने तिला आपले वळण दिले होते. तिघा हाफबॅकांतील मधला खेळाची सूत्रे हलवी. दोन्ही कडांच्या हाफबॅकांनी प्रतिपक्षाच्या बगलेवरून धावणाऱ्या गड्यांना रोखावे, चेंडू हिसकावून घ्यावा आणि तो आपल्या पुढच्या माणसाच्या पायाशी बिनचूक पोचवावा, अशी अपेक्षा असे. इटालियन भाषेत या खेळाडूला ‘मेदियानो’, म्हणजे मधला, म्हणतात. सामना जिंकला तर टाळ्या पुढच्यांना. हरला तर बोल बहुधा मागच्यांना. मधल्याने सर्वांत अधिक धावावे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, हेच त्याच्या खेळाचे यश. नेरी हे काम वर्षानुवर्षे नेकीने करीत राहिला.

१९३१ मध्ये फिओरेन्तिना दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत चढली आणि त्याच वर्षी फ्लोरेन्सला नवे क्रीडांगण मिळाले. पिएर लुइजी नेर्वी या प्रतिभावान स्थापत्य-अभियंत्याने ते उभारले. काँक्रीटचे वळणदार जिने, समोर एकही खांब नसलेले प्रेक्षागृहाचे छप्पर आणि उंच मनोरा यांमुळे ती इमारत आजही अभ्यासकांच्या कौतुकाचा विषय आहे. शासनाने तिला नाव दिले जोव्हान्नी बेर्ता याचे. हा १९२१ च्या दंगलीत फ्लोरेन्समध्ये मारला गेलेला फॅसिस्ट कार्यकर्ता होता. १३ सप्टेंबर १९३१ रोजी व्हिएन्नाच्या आद्मिरा संघाविरुद्ध मैत्रीचा सामना खेळून उद्घाटन झाले. सामन्यापूर्वी यजमान संघाचे खेळाडू ओळीने उभे राहिले आणि मान्यवरांच्या दिशेने त्यांनी उजवा हात उंचावून फॅसिस्ट सलामी दिली. त्या क्षणाचे छायाचित्र उपलब्ध आहे. एका ओळीत हात वर गेलेले दिसतात. एकाचे दोन्ही हात मात्र शरीराला लागून खाली आहेत. तो नेरी. वय वर्षे वीस.

छायाचित्र एवढेच सांगते. पुढचे सारे अनुमान आहे. आणि अनुमानाची उलटतपासणी झाल्यावाचून ते मान्य करणे आमच्या धंद्यात बसत नाही. कॅमेरा एका क्षणाचा साक्षीदार असतो. त्या क्षणाच्या आधी हात वर होता की नंतर गेला, हे तो सांगू शकत नाही. तरुण खेळाडू गोंधळला असेल, त्याचे लक्ष दुसरीकडे असेल, इशारा त्याला ऐकू आला नसेल, असे प्रतिपक्षाचा वकील म्हणू शकेल. आणि एकट्या छायाचित्राच्या जोरावर त्याला निरुत्तर करता येणार नाही. शिवाय नेरी त्याबद्दल तुरुंगात गेला नाही, संघातून काढला गेला नाही. तो आणखी पाच वर्षे त्याच संघात, त्याच मैदानावर खेळला. मग त्या खाली राहिलेल्या हातांना एवढे महत्त्व का द्यावे?

यासाठी प्रथम तो काळ पाहिला पाहिजे. मुसोलिनीच्या न्यायमंत्र्याच्या नावाने ओळखली जाणारी रोक्को दंडसंहिता १ जुलै १९३१ रोजी, म्हणजे या सामन्याच्या दहा आठवडे आधी, अमलात आली होती. सरकारप्रमुखाचा मानभंग हा तिने स्वतंत्र गुन्हा ठरविला आणि मृत्युदंडाला सर्वसाधारण फौजदारी कायद्यात पुन्हा स्थान दिले. राजकीय अपराधांसाठी १९२६ पासून विशेष न्यायाधिकरण काम करीत होतेच. त्याच उन्हाळ्यात, २८ ऑगस्ट १९३१ च्या फर्मानाने, विद्यापीठांतील प्राध्यापकांना राजाबरोबर फॅसिस्ट राजवटीशीही निष्ठेची शपथ घेणे भाग पडले. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी स्पष्ट नकार देणारे डझनभरच निघाले. त्यांत फ्रान्चेस्को रुफिनी आणि त्यांचे पुत्र एदोआर्दो रुफिनी हे कायद्याचे अध्यापक होते, ही आमच्या व्यवसायाला त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. बाकीच्यांनी सही केली. त्यांत भ्याड होते तसे संसारी होते. आपण जागा सोडली तर तेथे हुजऱ्या येईल असे प्रामाणिकपणे मानणारेही होते. ज्या देशात विद्वानांचा हात सहीसाठी असा सहज चालला, त्या देशात एका फुटबॉलपटूचा हात वर न जाणे हे निव्वळ अनवधान असू शकते; पण ते अनवधान धोक्याचे होते, हे मान्य करावेच लागेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एखाद्या संदिग्ध कृतीचा अर्थ ठरविताना कर्त्याचे आधीचे आणि नंतरचे वर्तन पाहावे, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या अधिनियमातील आठव्या कलमात ते होते. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली तरी ते तत्त्व टिकून आहे. तेव्हा १९३१ च्या त्या क्षणाची साक्ष १९३१ मध्ये शोधून भागणार नाही. ती पुढील तेरा वर्षांत शोधली पाहिजे.

ती वर्षे वरकरणी एका यशस्वी व्यावसायिक खेळाडूची आहेत. १९३४-३५ च्या हंगामात फिओरेन्तिना तिसऱ्या क्रमांकावर आली, त्या संघाच्या मधल्या फळीत नेरी होता. १९३६ मध्ये तो लुक्का या तोस्कानातील लहान शहराच्या लुक्केसे संघाकडे गेला. हे पाऊल वरून उतरणीचे वाटते. वस्तुतः तेथेच त्याच्या खेळाला खरी चमक आली. लुक्केसेचा प्रशिक्षक एर्नो एग्री एर्बश्टाइन हा हंगेरीचा ज्यू होता. अभ्यासू, मितभाषी आणि खेळाकडे बुद्धीने पाहणारा असा तो मनुष्य. त्याने सामान्य साधनांनिशी उभा केलेला हा संघ १९३६-३७ च्या हंगामात अव्वल श्रेणीत सातवा आला. याच काळात, ऑक्टोबर १९३६ मध्ये, स्वित्झर्लंडविरुद्धच्या सामन्यात पोझ्झोने नेरीला राष्ट्रीय संघात घेतले. आणखी दोन सामने खेळून १९३७ मध्ये ते प्रकरण संपले. त्याच वर्षी तो तोरिनो या मोठ्या संघात दाखल झाला; पुढल्या वर्षी एर्बश्टाइनही तेथेच आला आणि १९३८-३९ मध्ये तोरिनोने दुसरा क्रमांक मिळविला.

परंतु तो हंगाम पुरा होण्याआधीच एर्बश्टाइनला इटली सोडावी लागली होती. १९३८ च्या शरद ऋतूत मुसोलिनीच्या सरकारने वंशविषयक कायदे केले. ज्यूंना शाळा, नोकऱ्या, व्यवसाय यांतून दूर करण्यात आले आणि परदेशी ज्यूंना देश सोडण्याचे आदेश निघाले. ज्या प्रशिक्षकाने नेरीच्या खेळाला धार दिली, तो केवळ जन्माच्या कारणावरून गुन्हेगार ठरला. कायदा हा न्यायाचे साधन असतो तसाच तो अन्यायाचेही साधन होऊ शकतो, आणि तेव्हाही तो राजपत्रात त्याच गंभीर भाषेत, कलमा-पोटकलमांसह छापला जातो, हे आम्हा कायदेपंडितांनी कधीही विसरू नये. एर्बश्टाइन युद्धातील अनेक संकटांतून वाचला आणि पुन्हा तोरिनोत परतला. त्याने घडविलेल्या त्या महान संघाबरोबर ४ मे १९४९ रोजी सुपेर्गा टेकडीवर विमान आदळून त्याचा अंत झाला. तेव्हा नेरी मरून जवळजवळ पाच वर्षे झाली होती.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. राजवट जर नेरीला अमान्य होती, तर तिच्याच महासंघाच्या स्पर्धांत तो का खेळला? राष्ट्रीय संघाचा अंगरखा त्याने का चढविला? या प्रश्नाला सोज्वळ उत्तर नाही, आणि तसे ते देण्याचा प्रयत्नही करू नये. पोटासाठी, आणि खेळावरील प्रेमासाठीही, तो खेळला. जुलमी सत्तेखाली राहणारी बहुसंख्य माणसे अशीच राहतात. काही देतात, काही राखून ठेवतात. कोणी सही देतो आणि मन राखतो. कोणी श्रम देतो आणि हात राखतो. अशा माणसांना साधू म्हणण्याची घाई करणे जितके चूक, तितकेच त्यांना ढोंगी म्हणणेही. राखून ठेवलेल्या त्या अंशाचे पुढे काय झाले, एवढेच पाहावयाचे असते. कित्येकांच्या बाबतीत तो अंश हळूहळू झिजून जातो. नेरीच्या बाबतीत तो वाढत गेला.

१९४० मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने मोठ्या फुटबॉलचा निरोप घेतला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली. नेरीने मिळकतीतून मिलान येथे यंत्रकामाचा एक छोटा कारखाना घेतला. कला आणि वाचन यांची त्याला ओढ होती. नेपल्सच्या पौर्वात्य विद्यापीठ-संस्थेत त्याने नाव नोंदविले होते, ही गोष्ट एका फुटबॉलपटूच्या चरित्रात अनपेक्षित आणि म्हणूनच लक्षणीय आहे. मिलानमध्ये त्याच्या नात्यातील व्हिर्जिलिओ नेरी हे नोटरी राहत. इटलीत नोटरी म्हणजे शिक्के मारणारा साधा अधिकारी नव्हे. तो कायद्याचा पदवीधर आणि समाजात मोठा मान असलेला मनुष्य. त्यांचा वावर फॅसिस्टविरोधी मंडळींत होता आणि त्या वर्तुळात ब्रुनोही येऊ-जाऊ लागला. जुलै १९४३ मध्ये मुसोलिनी पदच्युत झाला. ८ सप्टेंबरला इटलीने दोस्त राष्ट्रांशी केलेली शस्त्रसंधी जाहीर झाली आणि पाठोपाठ जर्मन सैन्याने उत्तर व मध्य इटली व्यापली. त्यांच्या आश्रयाने मुसोलिनीचे दुसरे, नामधारी सरकार उभे राहिले. प्रत्येक प्रौढ इटालियनाला आता बाजू घेणे भाग होते. नेरी फाएन्झाला परतला आणि प्रतिकार-चळवळीत सामील झाला.

बेनेदेत्तो क्रोचे या तत्त्वज्ञाचे जावई रायमोंदो क्रावेरी यांनी अमेरिकन गुप्तवार्ता विभागाच्या साह्याने उभारलेल्या संघटनेशी त्याचा संबंध आला. दोस्तांची विमाने रात्री डोंगरात शस्त्रे टाकीत. ती शोधून, उचलून, तुकड्यांपर्यंत पोचविणे हे काम मोठ्या जोखमीचे होते. ‘बेर्नी’ हे टोपणनाव घेतलेला नेरी ‘रावेन्ना’ नावाच्या पलटणीचा उपप्रमुख झाला. आश्चर्य वाटेल, पण या काळातही त्याने चेंडू सोडला नव्हता. युद्धामुळे राष्ट्रीय साखळी बंद पडून उत्तर इटलीत प्रांतवार सामने होत होते. त्यांत फाएन्झाच्या संघातून तो खेळला. त्याचा अखेरचा सामना मे १९४४ मध्ये बोलोन्याविरुद्ध झाला. नव्वद मिनिटे उघड्या मैदानावर हजारोंच्या नजरेसमोर धावणारा तो मनुष्य इतर वेळी नजरेआड राहण्याची विद्या शिकत होता.

१० जुलै १९४४ रोजी नेरी आणि पलटणीचा प्रमुख वित्तोरिओ बेल्लेंगी हे दोघे माराद्दीच्या वरच्या अंगाला, अपेनाइन पर्वतातील गामोन्या येथे आले. तेथे संत पिएर दामियानी यांनी अकराव्या शतकात स्थापिलेला जुना मठ आहे. लावाने पर्वतावर विमानांतून टाकलेले सामान आणावयाचे होते; मागून येणाऱ्या सोबत्यांसाठी वाट निर्धोक आहे की नाही, हे पाहण्याकरिता प्रमुख आणि उपप्रमुख स्वतः पुढे निघाले होते. मठाजवळ त्यांची जर्मन सैनिकांच्या तुकडीशी अकस्मात गाठ पडली. दोघांनी गोळीबाराला गोळीबाराने उत्तर दिले आणि दोघेही तेथेच पडले. नेरीचे वय तेहतीस होते.

याच तारखेशी आपला एक संबंध आहे, आणि तो येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. त्याच दिवशी, १० जुलै १९४४ रोजी, गामोन्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचा नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडला. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातला पळसगावचा हा बावीस वर्षांचा तरुण. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या टोळीतले सारे मारले गेले वा जखमी झाले, तेव्हा तो एकटाच त्या ठाण्यावर धावून गेला. हातबाँब टाकून त्याने तोफ बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि बंदुकीत नवी काडतुसे भरण्यास उसंत नाही असे पाहून दस्त्याच्या प्रहारांनी उरलेल्या दोघांना ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्याचाही अंत झाला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव याने असाच सन्मान मिळविला, तो सेन्यो नदीच्या काठी. ही नदी फाएन्झाजवळून वाहते. १९२२ पासून या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे. तेथील कवायतीच्या मैदानावरून निघालेली किती तरी पावले नेरीच्या मुलखातल्या चिखलात रुतली, आणि कित्येकांची रक्षा फाएन्झाशेजारच्या फोर्ली येथील भारतीय सैन्याच्या स्मशानभूमीत राहिली.

घाडगे आणि नेरी यांना एकमेकांची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. एक परक्या साम्राज्याच्या सैन्यात, स्वतःच्या देशाला स्वातंत्र्य नसताना, दुसऱ्यांच्या मुक्तीसाठी लढत होता. दुसऱ्याने स्वतःच्याच देशाच्या सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले होते. दोघांचा शत्रू मात्र एक होता, आणि दिवसही एकच. २०२३ च्या जुलैमध्ये उंब्रिया प्रांतातील मोंतोने येथे घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले. परदेशच्या मातीत सांडलेल्या रक्ताचे ऋण इटालियनांनी मानले. आपणही त्यांच्या नेरीची ओळख करून घ्यावी, हे त्या ऋणानुबंधाला साजेसेच होईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काही न करणे ही कृती असू शकते काय? कायद्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावयास वेळ लागला. सक्तीच्या ध्वजवंदनाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये मान्यता दिली आणि १४ जून १९४३ रोजी, वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध बार्नेट या खटल्यात, आपलाच निर्णय फिरविला. नागरिकाला जे मनात नाही ते शब्दाने वा हातवाऱ्याने वदविण्याचा अधिकार शासनाला नाही, असे तेथे ठरले. आपल्याकडे केरळातील तीन शाळकरी मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. ऑगस्ट १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा हुकूम दिला, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचेही स्वातंत्र्य येते हे तत्त्व आपल्या कायद्यात रुजले. ती मुले उभी राहिली होती, गायली नव्हती. नेरीही ओळीत उभा राहिला होता, त्याने हात उचलला नव्हता. दोहोंत फरक आहे, तो हा की मुलांना दाद मागण्यासाठी न्यायालय होते, नेरीला नव्हते. ज्या देशात मौनाला न्यायालयाचे संरक्षण असते तेथे ते मत ठरते. जेथे ते नसते तेथे मौनाची किंमत ज्याची त्याने चुकवायची असते.

गोव्याच्या वाचकांना हा भेद अनुभवाने ठाऊक असावयास हवा. सालाझारच्या पोर्तुगालनेही १९३६ मध्ये सरकारी नोकरांकडून राजवटीला प्रतिकूल विचार नाकारल्याची लेखी ग्वाही मागितली होती, आणि मुलांसाठी काढलेल्या युवक-संघटनेत हात उंचावून द्यावयाची तीच सलामी आणली होती. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया सभाबंदी मोडून बोलावयास उभे राहिले, त्याआधीही गोव्यात मनातल्या मनात नकार देणारी माणसे होती. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. परंतु त्यांच्यावाचून त्या दिवशी मैदान भरले नसते.

म्हणून नेरीच्या बाबतीत माझा निष्कर्ष असा की, १९३१ च्या छायाचित्राने तो वीर ठरत नाही. गामोन्याच्या वाटेने ते छायाचित्र वाचण्याचा अधिकार आपल्याला दिला. तेरा वर्षांनंतरच्या वर्तनाने आधीच्या मौनाची संदिग्धता दूर केली. तो जर १९४० मध्ये आपल्या कारखान्यात सुखाने बसला असता, तर ते खाली राहिलेले हात एक गमतीदार योगायोग म्हणून विसरले गेले असते. उलट, त्या हातांवाचून त्याचा मृत्यू हा युद्धातील सहस्रावधी मृत्यूंपैकी एक ठरला असता. दोन्ही मिळून साक्ष पुरी होते. एका बाजूस आरंभ दिसतो, दुसऱ्या बाजूस शेवट. मधला भाग शांतपणे राबण्याचा आहे, आणि हाफबॅकला ते काम नवे नव्हते.

फ्लोरेन्सच्या क्रीडांगणावरून बेर्ताचे नाव युद्धानंतर गेले. आता ते आर्तेमिओ फ्रांकी यांच्या नावाने ओळखले जाते. फाएन्झाच्या लहानशा मैदानाला मात्र ब्रुनो नेरीचे नाव आहे. तेथे आजही गावची पोरे चेंडूमागे धावतात. त्यांच्यापैकी बहुतेक जण पुढे खेळाडू होणार नाहीत, आणि हात वर करण्याचा हुकूम त्यांना कधी मिळू नये अशीच आपली इच्छा असणार. मिळालाच, तर तो हात स्वतःचा आहे एवढे त्यांना आठवावे.